नववीचा उंबरठा : घरची आर्थिक परिस्थिती आणि मुलग्यांचे माध्यमिक शिक्षण

माध्यमिक शाळेत शिकणारा मुलगा मध्येच शाळा का सोडतो, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकाच शब्दात उत्तर मिळते, 'परिस्थिती'. हा शब्द आपल्या घराघरांत इतका रुळला आहे की तो उच्चारल्यावर पुढे कोणी काही विचारीत नाही. विचारणारा मान हलवितो आणि सांगणारा गप्प होतो. प्रस्तुत लेखात आम्ही हा एक शब्द उलगडून पाहण्याचे ठरविले आहे. परिस्थिती म्हणजे नेमके काय? ती मुलाला पाचवीत किंवा सहावीत न अडविता नववीतच का अडविते? एकाच गल्लीतील, सारख्याच गरिबीतील दोन घरांपैकी एका घरचा मुलगा दहावी होतो आणि दुसऱ्या घरचा होत नाही, हे कसे?

प्रथम 'गळती' हा शब्द समजून घेऊ. यंदा एखाद्या इयत्तेत पटावर असलेला विद्यार्थी पुढील वर्षी कोणत्याच शाळेच्या पटावर नसेल, तर त्याची गळती झाली असे शिक्षण खाते मानते. देशाच्या २०२१-२२ च्या शालेय आकडेवारीनुसार माध्यमिक स्तरावर मुलग्यांच्या गळतीचे प्रमाण १३.० टक्के व मुलींचे १२.३ टक्के होते. फरक लहान असला तरी तो मुलग्यांच्या बाजूने वाईट आहे, ही गोष्ट आपल्या सभासदांपैकी पुष्कळांना नवीन वाटेल. मुलगी घरी बसविली जाते हे आपण जाणतो. मुलगा मात्र 'शिकतच असेल' असे गृहीत धरतो. शिवाय हा आकडा पटावरचा आहे. नाव पटावर आणि मुलगा वीटभट्टीवर अशी स्थिती असेल, तर तो मुलगा या हिशेबात शिकणाराच धरला जातो.

नववीत काय बदलते?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्याची हद्द आठवीला संपते. १९९५ साली सुरू झालेला शालेय पोषण आहार आधी पाचवीपर्यंत होता, पुढे तो आठवीपर्यंत नेण्यात आला. तेथेच तोही थांबतो. सरकारी व अनुदानित शाळांतील मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, आणि जिल्हा परिषद व नगरपालिकेच्या शाळांतील मोफत गणवेशही आठवीपर्यंत. म्हणजे जून महिन्यात मुलगा नववीच्या वर्गात पाऊल टाकतो तेव्हा दुपारचे जेवण, पुस्तके, गणवेश आणि कायद्याचे संरक्षण या चारही गोष्टी एकाच दिवशी त्याच्या हातून सुटतात. पुष्कळ गावांत त्याच वेळी शाळाही बदलते. गावची शाळा सातवी-आठवीपर्यंत असते, हायस्कूल चार-सहा मैलांवरच्या बाजारगावी असते. मग एस.टी.चा पास काढावा लागतो, किंवा पायपीट करावी लागते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. ग्रामीण मुलींना एस.टी.चा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे, मागास तालुक्यांत त्यांना सायकली दिल्या जातात, आणि मागासवर्गीय मुलींना आठवी ते दहावीत सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मिळते. हे सर्व योग्यच आहे, आणि त्यात कोणी काटछाट सुचवू नये. परंतु त्याच घरातील, त्याच वर्गातील भावाला सवलतीचा पास सोडला तर यातले काही मिळत नाही, कारण 'मुलगा काय, कसाही शिकेल' ही समजूत योजनांच्या मुळाशी आहे.

दुसरा बदल वयाचा. नववीतला मुलगा १४-१५ वर्षांचा असतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला कामाला लावण्यास बंदी आहे (घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची सूट तेवढी आहे). १४ ते १८ वयाच्या मुलांना मात्र फक्त धोकादायक कामांत मनाई आहे. म्हणजे शाळेने ज्या वर्षी हात आखडता घ्यावा, त्याच वर्षी बाजाराने दार उघडावे, अशी ही रचना आहे. अंगात बळ आलेले असते. गॅरेजवाला, हॉटेलवाला, मंडपवाला आणि सेंट्रिंगचा ठेकेदार यांना असाच मुलगा हवा असतो.

शाळेचा खरा खर्च

आता हिशेब करू. अनुदानित शाळेत फी नसते किंवा नाममात्र असते. म्हणून 'शिक्षण फुकट आहे, तरी हे लोक मुलांना शाळेत पाठवीत नाहीत' असे बोलणारे लोक आपल्याला भेटतात. त्यांना शाळेचा खर्च म्हणजे फी आणि वह्या एवढेच दिसते. परंतु मजूर घराच्या दृष्टीने शाळेचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे मुलगा जी मजुरी आणू शकला असता ती. ही रक्कम कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते.

महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीच्या कामावर मोठ्या माणसाची मजुरी रोज २९७ रुपये होती. मुलाला बाजारात याच्या निम्मे, म्हणजे सुमारे १५० रुपये मिळतात आणि महिन्यातून २० दिवस काम लागते असे धरू. महिन्याचे ३,००० रुपये झाले, शाळेच्या दहा महिन्यांचे ३०,०००. आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०१२ साली सुरू झाली. घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला तेव्हा दरमहा १५० रुपये दहा महिने व वर्षाला ७५० रुपये अनुदान असे मिळत असे. पुढे ही रक्कम वर्षाला ३,५०० रुपये करण्यात आली. म्हणजे मोठ्या माणसाची बारा दिवसांचीही मजुरी नाही. वह्या, कंपासपेटी आणि चपला यांत ती संपते. ती घेण्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला व आधारशी जोडलेले बँक खाते लागते, आणि त्या हेलपाट्यांत बापाच्या मजुरीचे दोन-तीन दिवस आधीच गेलेले असतात.

याहून बरी योजना म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिला शाळेत एन.एम.एम.एस. म्हणतात. २००८ साली ती वर्षाला ६,००० रुपयांनी सुरू झाली, २०१७ पासून १२,००० रुपये झाली आणि नववी ते बारावी अशी चार वर्षे मिळते. तिची परीक्षा आठवीत असते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. पण ती गुणवत्तेवर आहे. संपूर्ण देशात दरवर्षी एक लाख नवे विद्यार्थी तिच्यात बसतात. जो मुलगा सकाळी दूध वाटून, संध्याकाळी टपरीवर कपबशा धुऊन शाळेत येतो, तो या एक लाखांत क्वचितच असतो. गरिबीसाठी काढलेली शिष्यवृत्ती गरिबीनेच मागे पडलेल्या मुलाला मिळू नये, हा त्यातला पेच आहे.

हा हिशेब आजचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी हेच मांडले होते. गुरे राखणे आणि शेताची राखण करणे यांसाठी घराला मुलांची गरज असते, म्हणून गरीब लोक त्यांना शाळेत धाडीत नाहीत. तेव्हा नुसता कायदा करून भागणार नाही, शिष्यवृत्त्या व बक्षिसेही दिली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, कारण शिक्षण अडते ते भाकरीपाशी, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले. पुढे 'कमवा आणि शिका' ही त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची ओळख झाली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. या सर्वांनी फीमाफीच्या आधी जेवणाचा व राहण्याचा प्रश्न हाती घेतला, ही गोष्ट आमच्या मते फार महत्त्वाची आहे. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आलेल्या ई.बी.सी. सवलतीने फीचा अडसर पुष्कळ दूर केला व हजारो मुले त्यामुळे शिकली. तथापि पोटाचा प्रश्न फीमाफीने सुटत नाही.

एकाचे शिक्षण, दुसऱ्याची मजुरी

बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग आपण नेहमी अर्धाच सांगतो. सुभेदार रामजींनी मुलीकडून दागिना घेऊन, तो गहाण ठेवून भीमरावासाठी पुस्तके आणली, हे आपल्या मुलांना पाठ आहे. परंतु परळच्या चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या त्या कुटुंबाला दोन मुलांचे शिक्षण झेपत नव्हते, म्हणून थोरल्या आनंदरावांची शाळा थांबली व ते नोकरीला लागले, हे आपण सहसा सांगत नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे वडिलांच्या पेन्शनइतकीच भावाची मजुरी आहे.

आजही घरातून सुटणारा मुलगा बहुधा थोरला असतो. थोरला कामाला लागतो, त्याच्या पैशावर धाकटा किंवा बहीण शिकते. त्यामुळे एखाद्या घराकडे बोट दाखवून 'यांना शिक्षणाची किंमत नाही' असे म्हणणे चुकीचे ठरते. शिक्षणाची किंमत त्यांना चांगली ठाऊक असते. ती कोणी भरायची याचा निर्णय त्या घराने घेतलेला असतो.

मग सारख्याच गरिबीतील दोन घरांत फरक कशाने पडतो? आमच्या पाहण्यात जे आले त्यावरून आमचे मत असे झाले आहे की उत्पन्न किती, यापेक्षा उत्पन्न नियमित आहे की नाही, याला अधिक महत्त्व आहे. बाप नगरपालिकेत सफाई कामगार असेल, शाळेत शिपाई असेल, पगार थोडा पण एक तारखेला येणारा असेल, तर मुलगा बहुधा दहावीपर्यंत जातो. दुकानदार उधार देतो, सोसायटी कर्ज देते, आजारपण आले तर घर महिनाभर तग धरते. नाक्यावर उभे राहून काम मिळविणाऱ्या घरात एखाद्या महिन्यात याहून अधिक पैसेही येतात, पण पुढच्या महिन्यात येतील याचा भरवसा नसतो. अशा घरात बाप पंधरा दिवस अंथरुणाला खिळला की दुसरा कमावता माणूस उभा करावाच लागतो, आणि तो मुलगा असतो. (दारूचे नाव येथे घेतले नाही तर लेख खोटा होईल. दारू हेही घराचे उत्पन्न अनियमित करणारे मोठे कारण आहे. पण सर्व दोष दारूवर टाकून मोकळे होणेही सोपे असते.)

मुंबईच्या गिरणगावाने हे उघड दाखविले. गिरणी कामगाराचा पगार मोठा नव्हता, परंतु ठरावीक होता. त्या पगारावर चाळीतील एका पिढीने मुले शाळेत घातली, गावी मनिऑर्डर पाठविली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, पुढे कित्येक गिरण्या बंद पडल्या, आणि ज्या घरांत मुलगा शिकून बाबू होणार होता तेथे तो वडापावच्या गाडीवर किंवा हमालीला लागला. शिक्षणाची गोडी एका वर्षात कमी झाली, असे तर कोणी म्हणणार नाही.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतील ऊसतोडणी कामगारांचे उदाहरण याच्या पुढचे आहे. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या व ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्याला 'अर्धा कोयता'. उचल कोयत्यावर मिळते. आई आजारी असेल, बाळंत असेल किंवा हयात नसेल, तर जोडी पुरी करण्यासाठी पंधरा वर्षांचा मुलगा कोयता हाती घेतो. हंगामाचे महिने आणि शाळेच्या दुसऱ्या सत्राचे महिने तेच आहेत. दहावीची परीक्षाही याच काळात येते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांनी लहान मुलांची काही सोय केली. २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहे मंजूर केली, ती दिशा बरोबर आहे. परंतु वसतिगृहात जागा मिळाली तरी अर्धा कोयता कोण भरून देणार, हा प्रश्न राहतोच. मुकादमाची उचल अंगावर असताना मुलगा वसतिगृहात ठेवणे म्हणजे ते कर्ज पुढच्या हंगामावर ढकलणे होय.

'अभ्यासात गोडी नाही'

शाळा सोडण्याचे कारण म्हणून मुलाच्या नावापुढे पुष्कळदा 'अभ्यासात गोडी नाही' असे लिहिलेले असते. मुलगाही तेच सांगतो. गरिबी सांगण्यापेक्षा बेफिकिरी सांगणे पंधरा वर्षांच्या मुलाला कमी लाजिरवाणे वाटते. म्हणून हे कारण तपासून घेतले पाहिजे.

कोणताही मुलगा एका दिवसात शाळा सोडीत नाही. प्रथम बाजाराच्या दिवशी गैरहजेरी लागते. मग लग्नसराईत केटररकडे किंवा बँडपथकात आठ-दहा दिवस जातात. त्या दहा दिवसांत बीजगणिताचे एक प्रकरण पुढे गेलेले असते. परत आल्यावर फळ्यावरचे समजत नाही, इंग्रजीचा धडा डोक्यावरून जातो, शिक्षक उभे करतात, वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्यापेक्षा कामावर जाणे सोपे वाटते, कारण तेथे निदान संध्याकाळी हातात पैसे पडतात व घरात मान मिळतो. सहामाहीत नापास झाला की 'गोडी नाही' हे वाक्य तयार होते. पूर्वी आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवले जात नव्हते, त्यामुळे हा कच्चेपणा नववीत एकदम बाहेर येई. २०२३ साली राज्याने पाचवी व आठवीच्या परीक्षेत मागे ठेवण्याचा नियम आणला, तेव्हा आता ही ठेच आठवीतही लागू शकते.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या शिक्षणविषयक फेरीत, शिक्षण सोडलेल्या पुरुषांमध्ये कमाईच्या कामात गुंतणे हे सर्वांत मोठे कारण आढळले. स्त्रियांमध्ये ते घरकाम होते. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता ते मुलगे कामाला गेले, आणि शाळा उघडल्यावर त्यांतील सगळे परतले नाहीत. कमाईची सवय आणि घराला लागलेली त्या पैशाची सवय, या दोन्ही सुटणे कठीण असते.

दहावी राहिली की पुढे काय होते, हे विद्यार्थी मित्रांनी मोजून पाहावे. आय.टी.आय.च्या बहुतेक चांगल्या ट्रेडना दहावी लागते, एस.टी.च्या चालकपदाला दहावी लागते, पोलीस भरतीला बारावी लागते. पंधराव्या वर्षी दीडशे रुपये मिळविणारा मुलगा तिसाव्या वर्षी मोठ्या माणसाची मजुरी मिळवितो, पण ती मजुरीच असते. आणि पस्तिशीत कंबर धरली की त्याचा थोरला मुलगा नववीत असतो.

सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे

आपण दरवर्षी जून-जुलैमध्ये गुणगौरव समारंभ करतो. ऐंशी-नव्वद टक्के मिळविणाऱ्यांना ट्रॉफी देतो, फोटो काढतो. दोन वर्षांपूर्वी आठवीत असलेली कोणती मुले या यादीत नाहीत, हे कोणी विचारीत नाही. ती मुले त्याच मंडपाच्या खुर्च्या लावीत असतात. समारंभ बंद करावा असे आमचे म्हणणे नाही. पण ट्रॉफीच्या खर्चात दोन मुलांची नववीची पुस्तके, गणवेश व एस.टी.चा पास होऊ शकतो.

मदत जूनमध्ये द्यावी असा रिवाज आहे. वह्यावाटप जूनमध्ये होते, ते चांगलेच. परंतु मुलगा सुटतो तो दिवाळीनंतर. त्यामुळे संस्थेने थोडा निधी नोव्हेंबरसाठी राखून ठेवावा. बाप आजारी पडला, उचल फिरली नाही, घर पडले, अशा वेळी दोन महिन्यांच्या किराण्याइतके बिनव्याजी हातउसने मिळाले, तर एक मुलगा वर्गात राहतो. ही रक्कम शिष्यवृत्तीपेक्षा मोठी नसते, पण ती वेळेवर असते.

ज्याला काम सोडता येणारच नाही त्याला दोन वाटा आहेत. शहरात रात्रशाळा आहेत; मुंबईत दिवसा काम करून रात्रशाळेतून दहावी झालेली माणसे आपल्यातच पुष्कळ आहेत, आणि त्यांनी वर्षातून एकदा तरी आपल्या अभ्यासिकेत येऊन बोलावे. दुसरी वाट १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याची. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, आणि ती गेल्यावरच आपल्याला आठवण होते. वस्तीतील एका पदवीधर तरुणाने एवढेच काम अंगावर घेतले तरी पुरे. अभ्यासिकेत गणित व इंग्रजीसाठी आठवड्यातून तीन संध्याकाळ नववीच्या मुलांना बसवावे. दहावीला शिकविणारे क्लास सगळीकडे आहेत, नववीकडे कोणी पाहत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक स्वाध्याय देत आहोत. आपल्या वस्तीतील नववी व दहावीच्या वयाच्या सर्व मुलग्यांची यादी करावी, पटावर नाव असो वा नसो. प्रत्येकापुढे घरात कमावते किती, पैसे रोजचे की महिन्याचे, मुलगा कितवा, गेल्या सत्रात शाळा किती दिवस बुडाली आणि ती कोणत्या महिन्यात, हे लिहावे. घरी जाऊन विचारताना 'शाळा का सोडली' असे विचारू नये, 'काम कधी लागले' असे विचारावे. उत्तर खरे येते. यादी वस्तीत कोठेही लावू नये, ती कार्यकारिणीकडे बंद पाकिटात द्यावी. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते त्या आठवड्यात याच घरी पुन्हा एकदा जाऊन, मुलगा वर्गात बसला आहे की नाही, याचा शेवटचा रकाना भरावा.